पाठमोरी कप्तानबाई

ज्या बाईचा आवाज शहरातल्या निम्म्या लोकांना पाठ होता, त्याच बाईला कोपऱ्यावरचा दुकानदार रोज म्हणायचा, "काय हवंय? जरा मोठ्यानं बोला." काकू मग कागदावर लिहून द्यायच्या. साबण दोन, चहापत्ती अर्धा किलो. कधीकधी त्याच वेळी दुकानदाराच्या मोबाइलवर जहाजाच्या सिनेमातला एखादा प्रसंग चालू असायचा आणि त्यातून काकूच बोलत असायच्या. दुकानदाराला ते ठाऊक नव्हतं आणि काकूंनी कधी सांगितलंही नाही. सांगणार कशानं, हा प्रश्न होताच. पण आवाज होता तेव्हाही त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. बाई मुळात मानी.

काकू म्हणजे मोठ्या दवाखान्याच्या टेलिफोन बोर्डावरच्या काकू. तेवीस वर्षं त्यांनी "थांबा, जोडून देते" एवढं एक वाक्य दिवसातून चारशे वेळा म्हटलं. त्यांचा आवाज ऐकून एक म्हातारे गृहस्थ आपल्याला कोणता डॉक्टर हवा होता तेच विसरले, ही गोष्ट काका आल्यागेल्याला सांगायचे. काका म्हणजे काकूंचे यजमान. चष्म्याच्या काचा घासायचं त्यांचं काम, आणि बायकोचं कौतुक करताना त्यांचा हात कधी आखडला नाही. ही गोष्ट त्यांनी बहुधा स्वतःच रचली होती.

त्या बोर्डावरच एके दिवशी एका माणसाचा फोन आला. त्याला बायकोचा रिपोर्ट हवा होता. काकूंनी फोन जोडून दिला, तर पाच मिनिटांनी तो परत बोर्डावर. "बाई, तुम्ही सिनेमात बोलाल का?" काकूंनी त्याला शांतपणे मानसोपचार विभागाला जोडून दिलं. तो तिथूनही परत आला. हा माणूस परभाषेतल्या सिनेमांचं डबिंग करणाऱ्या स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट होता आणि स्टुडिओत सगळे त्याला कानसेन म्हणत, कारण शेजारच्या खोलीत कुणी पेनाचं टोपण काढलं तरी तो रेकॉर्डिंग थांबवायचा.

अशा रीतीने काकू जहाजावर चढल्या. म्हणजे आवाजानं. सिनेमा होता एका जुन्या जहाजाचा, त्यावरच्या नऊ माणसांचा आणि एका कुत्र्याचा. जहाज चालवणारी एक उतारवयाची, फारसं न बोलणारी बाई. तिला सगळे कप्तानबाई म्हणत. वादळ येवो, धुकं येवो, प्रत्येक भागात ती सगळ्यांना घरी पोचवायची. यापलीकडे त्या गोष्टीत काही नव्हतं, आणि लोकांना नेमकं तेवढंच हवं होतं. सतरा वर्षांत चार भाग आले. पहिला भाग शाळेच्या दप्तरासकट पाहिलेली पोरं चौथ्याला स्वतःची पोरं कडेवर घेऊन आली.

डबिंगचं काम काकूंना जमलं, कारण त्या बोलायच्या आधी बघायच्या. पडद्यावरचे ओठ जिथे मिटतात तिथे आपल्याही वाक्यात प, ब किंवा म यायला हवा, नाहीतर आवाज माणसापासून सुटा पडतो. काकू मायक्रोफोनपुढे चपला काढून उभ्या राहायच्या, मनगटावरचं घड्याळ पर्समध्ये टाकायच्या आणि कानसेनला म्हणायच्या, "आधी श्वास दाखवा." वाक्याआधी ती नटी श्वास कसा घेते ते चार-चारदा बघायच्या. वाक्य मग आपोआप यायचं.

आणि त्या सगळ्या नेटक्या कामात त्यांच्या हातून एक चूक झाली. चूक म्हणजे, तीच त्यांची कीर्ती झाली.

पहिल्या भागात जहाज दाट धुक्यात अडकतं. मागे फिरावं की पुढे जावं, सगळे कप्तानबाईकडे बघतात. ती काही न बोलता प्रेक्षकांकडे पाठ करते आणि सुकाणूचं चाक हातात घेते. मूळ सिनेमात तिथे पूर्ण शांतता आहे. त्या दिवशी दुपारी काकूंना घरून निरोप आला होता, की नणंदबाई चार माणसांसह महिनाभर राहायला येतायत. घरात जादा गाद्या दोन. काकू तो हिशेब डोक्यात घोळवत कानाला हेडफोन लावून उभ्या होत्या. त्यांना वाटलं रेकॉर्डिंग थांबलंय. त्यांनी नाकातून एक लांब श्वास सोडला, "हं…", आणि मग अगदी खालच्या सुरात स्वतःशीच म्हणाल्या, "बरं."

कानसेन ते पुसणार होता. "पण काकू, माझा हातच चालेना," तो पुढे सांगायचा. पडद्यावर नटी पाठमोरी होती, ओठ जुळायचा प्रश्न नव्हता. त्यानं ते राहू दिलं.

सिनेमा लागला आणि लोकांनी ते "हं, बरं" डोक्यावर घेतलं. मुलांच्या गृहपाठाची वही उघडताना आया म्हणू लागल्या. बस मागे घेताना ड्रायव्हर म्हणू लागले. खुद्द काकूंच्या दवाखान्यात एक सर्जन ऑपरेशनआधी हात धुताना तसं म्हणायचे आणि फोन मात्र काकूंकडूनच जोडून घ्यायचे. इंटरनेटवर एकानं बारा परिच्छेद लिहिले: यातला "हं" म्हणजे आयुष्यभर गमावलेल्या माणसांचं दुःख, आणि "बरं" म्हणजे त्या दुःखासकट पुढे जाण्याचा निश्चय. काकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "यात गाद्यांचं कुठे आलं गं?" काकू पोट धरधरून हसल्या. पण मनातून सुखावल्याही. पुढच्या तिन्ही भागांत कप्तानबाईनं पाठ केली, की काकू न चुकता ते म्हणू लागल्या. मूळ भाषेत ते कधीच नव्हतं. जगात ते फक्त इथल्या लोकांकडे होतं, आणि ते काकूंचं होतं.

चौथ्या भागानंतर काकूंच्या गळ्यात गाठ निघाली. ती आवाजाच्या नसेला बिलगून बसली होती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही. जीव वाचला. आवाज म्हणाल तर गाळणीतून चहा गाळताना वर चोथा उरावा, तेवढा. बोर्डावरून त्यांना जुन्या केसपेपरांच्या खोलीत पाठवलं. तिथे बोलावं लागत नाही. काका घरी दुप्पट बोलू लागले, म्हणजे घर गप्प वाटू नये.

सहा वर्षं गेली आणि पाचवा भाग आला. कानसेन घरी येऊन बसला. चहाचा कप रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाला, "काकू, एक मुलगी आहे. बालवाडीत शिकवते. आवाज चांगला आहे, पण कप्तानबाई म्हणजे काय ते तिला तुम्हीच शिकवू शकाल. बघा, तुम्हाला जड जाणार असेल तर राहू दे."

"पाठवा," काकू म्हणाल्या.

मुलगी आली. अंगापिंडानं एवढीशी, म्हणून स्टुडिओनं तिचं नाव चिमणी ठेवलं होतं. तोंड उघडलं की मात्र विहिरीतून आल्यासारखा खोल आवाज. बारा दिवस ती बालवाडी सुटली की काकूंकडे यायची. काकू टेबलावर बोट वाजवून ठेका द्यायच्या. एक टिचकी म्हणजे थांब, दोन म्हणजे श्वास, तळवा टेकवला म्हणजे आवाज खाली. चिमणी एकदा सांगितलेलं विसरत नसे. काकूंनी तिला सगळं दिलं: चपला काढणं, घड्याळ काढणं, ओठ वाचणं, रागाचं वाक्य हळू कसं म्हणायचं ते.

अकराव्या दिवशी चिमणीनं विचारलं, "काकू, 'हं, बरं' कधी शिकवणार? मी लहानपणापासून म्हणतेय ते, पण तुमच्यासारखं होत नाही."

काकूंनी टेबलावरचा हात मागे घेतला. "ते मूळ सिनेमात नाही," त्या म्हणाल्या. "आपण मुळाला धरून चालायचं. सोडून दे."

बारा दिवसांत काकू खोटं असं एवढंच बोलल्या, आणि तेही खोटं नव्हतंच म्हणा. कानसेनचा संध्याकाळी फोन आला, "काकू, नक्की काढायचं?" काकू म्हणाल्या, "मुळात नाही ना? मग नाही." त्यांचा शब्द शेवटचा होता. काकांनी वर्तमानपत्रातून मान वर केली, बायकोकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा काही बोलले नाहीत. काकूंना स्वतःचा राग आला. पण त्या रागाखाली एक हट्टी गोष्ट बसून होती: सगळं गेलं, एवढं तरी माझं माझ्याबरोबर राहू दे.

डबिंग झालं आणि महिन्याभरानं एका शुक्रवारी सिनेमा लागला. केसपेपरांच्या खोलीत काकूंबरोबर एक कारकून असे. जगातली प्रत्येक गोष्ट तो मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवी, म्हणून दवाखान्यात त्याला बातमीदार म्हणत. काकू कोण हे त्याला कळलेलं नव्हतं. फायली लावता लावता त्यानं सुरुवात केली.

"ऐका काकू. 'कुत्रा जिवंत ठेवला, एवढ्यासाठी बाकी सगळं माफ.' हा दुसरा म्हणतो, 'तिसऱ्या भागात बंदराचा दिवा उजवीकडे होता, आता डावीकडे. आम्हाला काय आंधळे समजता?' ही बाई म्हणते, 'पहिल्या दृश्यात जहाज दिसलं आणि मी रडायलाच लागले, पुढचं नीट बघितलंच नाही, उद्या परत जाणार.'" मग त्याचा स्वर उतरला. "पण कप्तानबाईच्या आवाजावरून मात्र बोंब आहे हं. 'डोळे उघडे ठेवले तर आपली, मिटले तर कुणी परकी.' 'जहाज आहे, समुद्र आहे, कप्तानबाई कुठे गेली?'"

काकूंच्या छातीत काहीतरी फुललं. आता काय लपवायचं, त्यांना आनंद झाला. सहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आज अख्खं शहर विचारत होतं. त्यांनी हातातली फाईल उगाच दोनदा पुसली.

"आणि हे बघा," बातमीदार म्हणाला. "'हं, बरं काढून टाकायचं कुणाच्या सुपीक डोक्यातून आलं? सापडला तर त्याला जहाजावरून ढकलून द्या. ती नवी मुलगी तर कुणाची नक्कलसुद्धा करू शकत नाही.' चारशे लोकांनी याला माना डोलावल्यात."

त्या फुललेल्या गोष्टीत टाचणी टोचली गेली. सुपीक डोकं त्या खोलीतच होतं, आणि ढकललं जात होतं भलत्यालाच. काकूंनी फाईल जागेवर ठेवली आणि उरलेला दिवस एकही फाईल धड लागली नाही.

शनिवारी संध्याकाळी चिमणी आली. रडली-बिडली नाही. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "काकू, मी मुळातला एक शब्द, एक श्वास चुकले नाही. कानसेनकाकांना विचारा. आज वर्गातल्या एका पोरानं मला विचारलं, 'बाई, तुम्ही कप्तानबाईंना काय केलं?' मी पोरांना शिकवते तेच बरं. हे काम तुमचंच होतं. मी कानसेनकाकांना सोमवारी सांगणार आहे, यापुढे मला बोलवू नका."

आता सांगावं, काकूंच्या मनात आलं. तोंडही उघडलं. पण सहा वर्षं न वापरलेलं धैर्यही आवाजासारखंच बसतं की काय कोण जाणे. त्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच. "उद्या दुपारी चारच्या खेळाला जाऊ. मी अजून बघितला नाही."

"मला नाही बघवणार."

"मलाही नाही," काकू म्हणाल्या. "म्हणून तर दोघी जाऊ."

थिएटर गच्च भरलं होतं. समोरच्या रांगेत एक बाप आपल्या छोट्या मुलीला आधीच्या चार भागांची गोष्ट सांगत होता आणि दर वाक्याला ती त्याला दुरुस्त करत होती. काकूंच्या शेजारी चिमणी ओढणी तोंडाशी धरून बसलेली, कुणी ओळखेल म्हणून. ओळखणार कोण? आवाजाच्या माणसांना चेहरा नसतो, हे काकूंना ठाऊक होतं, तिला अजून व्हायचं होतं.

दिवे गेले. जहाज दिसलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कप्तानबाई बोलली, आणि काकूंनी डोळे मिटले. त्यांनी शत्रूच्या कानांनी ऐकायचं ठरवलं होतं. दहा मिनिटांत त्यांना कबूल करावं लागलं, की पोरगी सुंदर बोलतेय. आजारी खलाशाला ती म्हणते, "झोप, मी जागी आहे," तिथे तर ती काकूंपेक्षा काकणभर सरस होती. काकूंनी ते वाक्य मोठ्या बहिणीसारखं म्हटलं असतं. तिनं बालवाडीतल्या बाईसारखं म्हटलं होतं, आणि तेच खरं होतं. काकूंना मत्सर वाटला नाही. वाटेल याची त्या वाट बघत होत्या, पण वाटला नाही.

शेवटाकडे जहाज बर्फात सापडतं. डावीकडची वाट अरुंद, उजवीकडची अनोळखी. कुत्रासुद्धा गप्प. सगळे कप्तानबाईकडे बघतात. ती एकेकाकडे पाहते आणि मग पाठ करते. चाकावर तिचा हात पडतो.

पडद्यावर शांतता. मुळाला धरून.

थिएटरमध्ये मागून कुठून तरी एक भरदार पुरुषी श्वास ऐकू आला, "हं…". मग डावीकडून, वरून, पुढून. समोरचा बाप, त्याची मुलगी, दरवाज्यात उभा असलेला तिकीट तपासणारा. पाचशे माणसांनी नाकातून एक लांब श्वास सोडला, आणि सगळे मिळून अगदी खालच्या सुरात म्हणाले, "बरं."

कुणी हसलं नाही. कुणी शिट्टी मारली नाही. कप्तानबाईनं चाक फिरवलं आणि जहाज निघालं.

काकूंचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर तसेच राहिले. तो त्यांचा श्वास होता. त्यांचाच, लांबीसुद्धा तेवढीच, "बरं" म्हणण्याआधीची पोकळीसुद्धा तेवढीच. गळ्यातून गेलेला आवाज इतकी वर्षं ही माणसं सांभाळून होती. आणि आपण तो मुठीत धरून बसलो होतो, की तो आपल्याबरोबरच संपावा. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते त्यांनी पुसलं नाही.

चिमणी मात्र खुर्चीत आक्रसून गेली होती. "पाहिलंत?" ती कुजबुजली. "मला वेडावतायत."

काकू तिच्या कानाशी वाकल्या. कुजबुजणं तेवढं त्यांना अजून येत होतं. "तुला नाही गं. तिथं जे हवं होतं ते मी तुला दिलं नाही. मुळात नाही वगैरे सगळी सबब होती. मला ते माझ्याजवळ ठेवायचं होतं. तू मागितलंस आणि मी दिलं नाही. लोकांच्या शिव्या माझ्या आहेत, तू उगाच खाल्ल्यास."

चिमणी वळून बघत राहिली. पडद्यावरचा निळा उजेड तिच्या तोंडावर हलत होता. ती रागावली असती तर काकूंना बरं वाटलं असतं. पण बालवाडीत शिकवणाऱ्या माणसांची वस्तू लपवून मग कबूल करणाऱ्यांशी रोजची गाठ असते. तिनं फक्त काकूंचा हात घेतला आणि उरलेला सिनेमा तसाच बघितला.

खेळ सुटल्यावर बाहेरच्या रुंद पायऱ्यांवर ऊन होतं. लोक घोळक्यानं भांडत उतरत होते, दिवा उजवीकडे की डावीकडे. काकू मधल्याच पायरीवर थांबल्या. "ऐक," त्या म्हणाल्या आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांनी ते करून बघितलं. श्वास आला, नीट आला. "बरं" मात्र अर्ध्यात फाटलं.

चिमणीनं करून पाहिलं. काकूंनी मान हलवली. "वरून नको, खालून." पुन्हा. "आता घाई झाली. मध्ये जागा सोड."

"पण काकू, तेव्हा ती काय विचार करत असते? दुःखाचा? निश्चयाचा?"

"घरात गाद्या दोन आहेत," काकू म्हणाल्या, "आणि नणंद चार माणसं घेऊन महिनाभर राहायला येतेय."

चिमणीला हसू फुटलं. मग हसू ओसरलं. तिनं थिएटरच्या भिंतीकडे तोंड करून चपला काढल्या, घड्याळ काढून काकूंच्या हातात दिलं. काकूंनी तिच्या पाठीवर तळवा टेकवला. पाठ भरली, थांबली.

"हं… बरं."

चार पायऱ्या खाली समोरच्या रांगेतली ती छोटी मुलगी बापाचा हात सोडून गर्रकन वळली. तिनं पायऱ्यांवरच्या सगळ्या माणसांकडे एकदा पाहिलं आणि मग तिची नजर काकूंवर थांबली. दोघींत वयानं कप्तानबाईच्या जवळच्या त्याच दिसत होत्या.

"तुम्ही म्हणालात ते?" तिनं विचारलं.

काकूंनी नाही म्हणून मान हलवली आणि चिमणीकडे बोट दाखवलं.